राजधानीपासून एका दिवसाच्या अंतरावर : मुंबई परिसरातील ऐतिहासिक स्थळे आणि अभ्याससहलींचे नियोजन

प्रस्तावना :

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा विषय प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत, त्यांत मृगया आणि तत्सम करमणूक असे. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा या लेखाचा आशय आहे. या शिलालेखाचा एक खंडित भाग १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. करमणुकीचा प्रवास आणि जाणून घेण्यासाठी केलेला प्रवास यांतील भेद सांगणारा हा दगड जेथे सापडला, ते ठिकाण पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकापासून फार दूर नाही. तरीही मुंबईतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांच्या सहली तेथे क्वचितच जातात.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका अभ्याससहलीसोबत होता. बस ठरल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा निघाली आणि कार्ले लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दुपार उलटली. चैत्यगृहात विद्यार्थी जेमतेम चाळीस मिनिटे होते. उरलेला वेळ लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या खरेदीत गेला. विभागाच्या अहवालात मात्र 'विद्यार्थ्यांनी लेणी-स्थापत्याचा सखोल अभ्यास केला' अशी नोंद झाली. तो अहवाल प्रस्तुत लेखकानेच लिहिला होता. या निबंधाचे मूळ त्या वाक्याविषयी वाटणाऱ्या संकोचात आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पास स्थान मिळाल्यानंतर हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. स्थळभेटीस गुणांकन मिळणार असेल, तर त्या भेटीत नेमके काय शिकले जाते याचे उत्तर अध्यापकांकडे असावयास हवे.

उद्दिष्टे :

१) मुंबईहून 'एका दिवसाचे अंतर' ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या कशी घडत गेली, हे पाहणे.
२) सहलीसाठी स्थळांची निवड कोणत्या परंपरेतून होते, याचा शोध घेणे.
३) एका दिवसात पूर्ण होतील असे प्रश्नकेंद्री अभ्यासमार्ग सुचविणे.

'एक दिवस' या मापाचा इतिहास :

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये आपले पश्चिम भारतातील मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. त्यानंतरही दीर्घकाळ मुंबईकराच्या दृष्टीने एका दिवसाचे अंतर म्हणजे प्रामुख्याने पाण्यावरचे अंतर होते. घारापुरी बोटीने गाठून परत येता येत असे. कार्ल्याचे तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल्यास जाणारा प्रवासी बोटीने पनवेलपर्यंत जाई आणि पुढे पालखीतून वा घोड्यावरून घाट चढे. या प्रवासास काही दिवस लागत. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा हे अंतर काहीसे घटले.

खरा बदल रेल्वेने घडविला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत गेली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला. उत्तरेकडे १८६४ पर्यंत वसईच्या पलीकडे रेल्वे पोहोचली होती आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली. एका पिढीच्या आत सोपारा, वसई, कल्याण, अंबरनाथ आणि कार्ले ही सर्व स्थळे मुंबईच्या एका दिवसाच्या परिघात आली.

हा परिघ अद्यापही बदलतो आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी जलसेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा सेतू खुला झाला आणि उरण-अलिबागचा किनारा अधिक जवळ आला. तात्पर्य, 'मुंबईजवळचे ठिकाण' हे वर्णन भूगोलापेक्षा वाहतुकीच्या इतिहासावर अधिक अवलंबून आहे.

मार्गदर्शक पुस्तके आणि स्थळांची निवड :

सहलीस कोठे जावयाचे, हे बहुधा मागील वर्षांच्या सहलींवरून ठरते. आणि त्या सहली एका जुन्या यादीवरून ठरलेल्या असतात. ही यादी मुख्यतः वसाहतकाळात तयार झाली. सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली. तिच्या १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात विल्यम अर्स्किन यांचा घारापुरीवरील आणि हेन्री सॉल्ट यांचा साष्टीतील लेण्यांवरील लेख समाविष्ट होता. १८५९ मध्ये एडवर्ड ईस्टविक यांनी मुंबई इलाख्यासाठी प्रवाशांचे मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले. १८७१ मध्ये जेम्स बर्जेस यांचे घारापुरीवरील पुस्तक आले आणि १८८० मध्ये फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजांसाठी घारापुरीच्या लेण्यातच मेजवानी झाली. एखादे स्थळ 'प्रेक्षणीय' कसे ठरते, याचा हा बोलका दाखला आहे.

या परंपरेचे ऋण मान्य करावयासच हवे. परंतु तिची दृष्टी मुख्यतः शिल्प आणि स्थापत्य यांवर खिळलेली होती. डोळ्यांत भरेल ते स्थळ यादीत आले. डोळ्यांत न भरणारे, पण इतिहासाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे स्थळ मागे पडले. सोपाऱ्याचा स्तूप पाहणाऱ्यास मातीविटांची टेकडी दिसते. म्हणून तेथे सहल जात नाही. वस्तुतः याच स्थळी एप्रिल १८८२ मधील उत्खननात दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या, आणि पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासास नवे परिमाण लाभले. मराठीत गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि ठाणे जिल्ह्यातील स्थळांची सविस्तर माहिती देणारा गॅझेटियरचा चौदावा खंड १८८२ मध्ये निघाला. साधनांची उणीव कधीच नव्हती. निवडीमागे प्रश्न नव्हता, ही खरी उणीव होय.

केंद्र आणि परिघ :

राजधानीतून निघालेल्या सहलीत आणखी एक दृष्टिदोष असतो. राजधानी हे केंद्र आणि भोवतालची स्थळे हा तिचा परिघ, असे नकळत गृहीत धरले जाते. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्यांना आज मुंबईची उपनगरे म्हटले जाते, त्यांपैकी कित्येक ठिकाणे मुंबईच्या उदयापूर्वी स्वतः केंद्रे होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा व कल्याण या बंदरांचा उल्लेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ठाणे, म्हणजे तत्कालीन स्थानक, हे राजसत्तेचे ठिकाण होते. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा कारभार वसईहून चाले आणि मुंबईची बेटे त्या कारभाराचा एक भाग होती. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे केंद्र कुलाबा किल्ला होता आणि त्यांच्या दृष्टीने मुंबई हे शत्रूचे एक ठाणे होते.

विद्यार्थ्याने वसईच्या तटावर उभे राहून मुंबईकडे पाहावे, मुंबईच्या खिडकीतून वसईकडे नव्हे. एवढा पालट जरी एका दिवसात साधला, तरी सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल. यासाठी स्थळांची जुळणी अंतरावरून न करता प्रश्नावरून करणे आवश्यक आहे.

चार अभ्यासमार्ग :

अ) बंदर आणि विहार : कान्हेरी–सोपारा. प्रश्न असा की, डोंगरातील भिक्षुसंघास आधार कोणाचा होता? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभरहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत सोपारा, कल्याण आदी ठिकाणांच्या दात्यांची नावे येतात. चैत्यगृह आणि तेथील भव्य बुद्धमूर्ती पाहून परत फिरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. त्याऐवजी विद्यार्थ्यांना पाण्याची टाकी आणि ती भरणारे पन्हळ मोजण्यास सांगावे. एवढ्या मोठ्या वसतीची तहान कशी भागत असे, हे त्यातून उमगते. क्रमांक ९० च्या लेण्यात सन १००९ व १०२१ मधील पहलवी लेख असून ते झरथुष्ट्री अभ्यागतांनी कोरविले आहेत. हजार वर्षांपूर्वीही येथे लोक केवळ स्थळ पाहावयास येत आणि आपली नावे कोरून ठेवीत, हे विद्यार्थ्यांना विशेष जवळचे वाटते. दुपारी लोकलने नालासोपारा गाठून स्तूप पाहावा. त्याआधीच्या आठवड्यात वस्तुसंग्रहालयातील अशोकाचा शिलालेख दाखविलेला असल्यास त्या टेकडीस अर्थ प्राप्त होतो.

आ) खाडी आणि राजसत्ता : कल्याण–अंबरनाथ. प्रश्न असा की, बंदर कशाने वाढते आणि कशाने मागे पडते? कल्याण हे पूर्वी नियमित व्यापाराचे बंदर होते, परंतु पुढे तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे पेरिप्लसमध्ये नमूद आहे. व्यापारावर राजकीय स्पर्धेचा परिणाम कसा होतो, याचे हे प्राचीन उदाहरण होय. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर मराठी आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला. दुर्गाडीवरून दिसणारी उल्हास नदीची खाडी हा त्या निर्णयाचा भौगोलिक पुरावा आहे. तेथून जवळच अंबरनाथचे भूमिज शैलीतील शिवमंदिर आहे. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा, असून तो शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातील आहे. लोकलने होणारी ही सहल सर्वांत अल्प खर्चाची आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांस सहलीतून वगळले जाऊ नये, या दृष्टीने हिचे महत्त्व मोठे आहे.

इ) घाटवाट : भाजे–कार्ले, शक्य असल्यास लोहगड. प्रश्न असा की, एकाच घाटमाथ्यावर लेणी आणि किल्ला का? उत्तर मार्गात आहे. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजार यांना जोडणाऱ्या वाटेवर भिक्षूंना दाते मिळाले, आणि त्याच वाटेवर पुढे सत्तेने पहारा बसविला. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे आणि धेनुकाकट येथील यवन दात्यांचे उल्लेख आहेत. चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी समाजासह अनेकांचे हे कुलदैवत असून तेथील गर्दी ही अभ्यासातील अडचण समजली जाते. वस्तुतः समुद्रकाठचा भाविक घाट चढून येथे येतो, हा त्या प्राचीन वाटेचा जिवंत पुरावा आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत लोहगड आहे. मात्र भाजे, कार्ले आणि लोहगड ही तिन्ही स्थळे एका दिवसात नीट होत नाहीत. दोनच घ्यावीत आणि तिसरे दुरून दाखवावे.

ई) समुद्र आणि सत्ता : अलिबाग–कुलाबा किल्ला. प्रश्न असा की, मुंबईच्या तोंडाशी असलेली ही सत्ता इंग्रजांना मोडता का आली नाही? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. किल्ल्यात उभे राहिल्यावर त्यामागील भूगोल स्पष्ट होतो. भरतीस किल्ला बेट होतो, ओहोटीस किनाऱ्यास जोडला जातो. अलिबागेतच कान्होजींची समाधी आहे, तसेच १९०४ मध्ये मुंबईहून हलविलेली चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून सूक्ष्म वेधांसाठी ही जागा निवडण्यात आली. राजधानीच्या वाढीचा परिणाम भोवतालच्या गावांवर कसा होतो, याचे हे निराळे उदाहरण आहे.

नियोजनाची अंगे :

कुलाबा किल्ल्याच्या सहलीची तारीख दिनदर्शिकेतील रविवार पाहून ठरविणे उपयोगाचे नाही. तिथी पाहावी लागते. कोकण किनाऱ्यावर भरतीचा एक पारंपरिक हिशेब रूढ आहे. तिथीच्या अंकास तिनाने गुणून चाराने भागले असता पूर्ण भरतीची वेळ तासांत येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. या हिशेबाने चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी येते. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराला येत असली, तरी त्या दिवसांत भांगाची भरती असल्याने पाणी पुरेसे ओसरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तृतीया-चतुर्थीस उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी सकाळी मिळते. म्हणून पहाटे निघणाऱ्या गटास हे दिवस सोयीचे. हा हिशेब स्थूल असल्याने अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा आणि स्थानिक कोळी बांधवांचा सल्ला अंतिम मानावा. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून आधीच करवून घेतल्यास सागरी इतिहासाचा पहिला धडा वर्गातच पूर्ण होतो.

इतर बाबींचाही विचार आवश्यक आहे. घारापुरी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात. लेण्यांतील शिल्पे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, त्यामुळे पोहोचण्याची वेळ हा गौण मुद्दा नाही. पावसाळ्यात किल्ल्यांच्या वाटा निसरड्या होतात. अभ्याससहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून झालेली जीवितहानी लक्षात घेता, प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बोट हलू न देणे हे सोबतच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने पुढील तीन पथ्ये उपयुक्त ठरतील. पहिले, एका दिवसात दोनपेक्षा अधिक स्थळे घेऊ नयेत. दुसरे, निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटास एक प्रश्न द्यावा आणि त्याचे उत्तर स्थळावरच शोधावयास लावावे. माहितीफलकावरून उतरवून घेतलेले उत्तर ग्राह्य धरू नये. तिसरे, स्थळी किमान अर्धा तास कोणीही बोलू नये, छायाचित्र घेऊ नये. केवळ पाहावे आणि रेखाटावे. रेखाटन चांगले येणे आवश्यक नाही. स्तंभाचे शीर्ष रेखाटणारा विद्यार्थी त्याकडे जितका वेळ पाहतो, तितका वेळ अन्य कोणत्याही उपायाने पाहत नाही.

निष्कर्ष :

१) मुंबईहून एका दिवसाचे अंतर ही निश्चित भौगोलिक मर्यादा नसून जलमार्ग, गाडीरस्ता, रेल्वे आणि सेतू यांनी घडविलेली व सतत बदलणारी ऐतिहासिक मर्यादा आहे.
२) स्थळांची प्रचलित निवड वसाहतकालीन सौंदर्यदृष्टीच्या प्रभावाखाली झाली असून सोपाऱ्यासारखी स्थळे त्यामुळे दुर्लक्षित राहिली.
३) राजधानी हे केंद्र मानून केलेल्या सहलीत भोवतालच्या स्थळांचे स्वतःचे केंद्रत्व हरवते. प्रश्नकेंद्री मार्गांनी ते परत मिळविता येते.
४) तिथी, भरती-ओहोटी, ऊन, खर्च आणि सुरक्षितता हे केवळ व्यवस्थेचे प्रश्न नसून अध्यापनाचेच भाग आहेत.

सहलीचा दिवस विद्यार्थ्याच्या आयुष्यात बहुधा एकदाच येतो. पदवीनंतर त्यांतील बहुसंख्य पुन्हा कधी लेण्यात पाऊल ठेवतील याची शाश्वती नसते, आणि शहराच्या वाढत्या वस्तीत वेढलेली सोपाऱ्यासारखी स्थळे त्यांच्या ओळखीची झाली नाहीत, तर ती जपण्याची गरजही त्यांना पुढे वाटणार नाही. विहारयात्रा आणि जाणण्यासाठीची यात्रा यांत निवड करणे एका सम्राटास आवश्यक वाटले होते. इतिहासाच्या अध्यापकासही ती निवड सहलीच्या तारखेपूर्वीच करावी लागेल. अहवाल लिहावयास बसल्यावर ती करता येत नाही.